इस्रोत नोकरी न करता अंतराळयानांवर संशोधन करणारी प्राध्यापक होता येतं का?
ताई, नक्कीच होता येतं. सतीश धवन बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संशोधन संस्थेचे संचालक होते. १९७२ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झाले तरी त्यांनी तिथलं संचालकपद सोडलं नाही. तुमची लेक इंदूरलाच बारावीत आहे, तर सिमरोलच्या आयआयटीत अंतराळ अभियांत्रिकीचा विभाग घराजवळच आहे. आधी बीटेक, मग पीएचडी.

खरा कस प्रयोगशाळेत लागतो. टेबलावर नीट चालणारं यानाचं सर्किट अवकाशासारख्या निर्वात कक्षात तापत जातं, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. ती धातूतून बाहेरच्या पत्र्यापर्यंत आणून प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, अवकाशात सोडावी लागते. अशा एकेका प्रश्नात वर्षं जातात, आणि मला तरी याहून सुंदर काम माहीत नाही. इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेतून विद्यापीठांतल्या संशोधनाला निधीही मिळतो. तिला फिजिक्स मात्र मुळापासून शिकू द्या, नुसती सूत्रं पाठ करून घेऊ नका.