खिळे न मारता सागवानी पेटी घरी करता येते का? आणि विकतच्या पेटीचा तळ का फाटतो?

करता येते. चार बाजूंचे सांधे नवशिक्याला वाटतात तेवढे कठीण नाहीत. घात होतो तो तळात, म्हणून आधी तुमच्या फाटलेल्या पेटीचं सांगतो.

आमच्याकडे चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. या दोन टोकांमध्ये फळी रुंदीत हलते, लांबीत जवळपास नाहीच. सव्वा फूट रुंदीचा सागवानी तळ दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होतो, आणि साग तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी. असा तळ चारही कडांनी चिकटवून, वरून खिळे ठोकून बांधला तर तो फाटणारच. तुमच्या पेटीत बहुधा हेच झालंय. बाजूंना आतून खाच पाडा आणि तळ तिच्यात नुसता सरकवा, फेविकॉलचा थेंबही नको. उन्हाळ्यात करत असाल तर खाचेत फुगायला जागा ठेवा, भर पावसाळ्यात करत असाल तर घट्ट बसवा.

बाजूंना डव्हटेल सांधा, म्हणजे एका फळीच्या टोकाला पक्ष्याच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दात, जे दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकतात. सागाला या शेपट्यांचा उतार सातास एक पुरे, म्हणजे सात भाग लांबीला एक भाग तिरका. आधी शेपट्या कापा, मग त्या दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवून सुरीने खूण करा. पेन्सिल नको, तिची रेष जाड पडते. आरी रेषेच्या टाकाऊ बाजूने चालवा, रेष शिल्लक दिसली पाहिजे. मधलं टाकाऊ लाकूड पटाशीने अर्धं एका अंगाने काढायचं, फळी उलटून उरलेलं दुसऱ्या अंगाने; एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडचे तंतू उपटून येतात. पटाशीला धार नसेल तर त्या दिवशी धारच लावत बसा.

लाकूड? बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोतला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, पण एका पेटीसाठी लिलावाच्या भानगडीत कोण पडतो! पाडलेल्या वाड्याच्या कड्या-पाट्या शोधा. वर्षानुवर्षं सुकलेला माल असतो. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आत तुटलेले खिळे आहेत का ते बघा. कडेचा पांढरा भाग काढून टाका, कीड तिथूनच लागते. साग परवडत नसेल तर शिवण घ्या, हलकी असते आणि वाकडी होत नाही.

बाहेरून जवसाचं तेल, अगदी पातळ हात, पुसून घेऊन; मधे बरेच दिवस वाळू द्या. आतून लावू नका, कपड्यांना महिनोन्‌महिने वास येतो. आणि तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. उघडी पसरून वाळवा.

बिजागऱ्यांना पितळी स्क्रू लावणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत पिळून परत बाहेर काढा, मग मेण लावून पितळी. नाहीतर सागात त्याचं डोकं तुटतं.