लाल ओळ आधी वाचा

वाचकांचे प्रश्न : संगणकावरील खेळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रे आपल्याच परिसरातील आहेत. मॉड म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीने नव्हे, तर बहुधा खेळाडूंनीच हौसेने तयार केलेला बदल किंवा भर, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

प्रश्न : मी 52 वर्षांची असून घोडबंदर रोडला राहते. मुलीने पुण्याला शिकायला जाण्यापूर्वी माझ्या लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ घालून दिला आणि आता मला त्याची चटकच लागली आहे. व्हिडिओ पाहून मी 'स्मॅपी' हा मॉड चालवणारा प्रोग्राम बसवला आणि सात मॉड उतरवून घेऊन एकदम 'मॉड्स' फोल्डरमध्ये टाकले. तेव्हापासून खेळ सुरू केला की आधी एक काळी खिडकी उघडते, तिच्यात लाल अक्षरांत बरेच काही उमटते, मग खेळ चालू होतो, पण त्यात नवे काहीच दिसत नाही. माझ्या शेताचे तिसरे वर्ष चालू आहे. ते हातचे जाईल या भीतीने दोन दिवस खेळाला हात लावलेला नाही. सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का? — एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : काहीही पुसू नये. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून मॉड चुकीचे बसलेले नसून ते बसलेलेच नाहीत, आणि त्यामुळे आपल्या शेताला बहुधा धक्काही लागलेला नाही. तरीही आधी शेताची प्रत काढून ठेवावी, म्हणजे पुढचे सगळे निर्धास्तपणे करता येईल. कीबोर्डवरील विंडोजचे बटण आणि 'आर' ही अक्षरकळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत टक्केवारीचे चिन्ह, त्याला लागून 'ॲपडेटा' हा शब्द इंग्रजीत, आणि पुन्हा टक्केवारीचे चिन्ह असे लिहून एंटर दाबावे. समोर येणाऱ्या फोल्डरांत 'स्टारड्यू व्हॅली' आणि त्याच्या आत 'सेव्ह्ज' असा फोल्डर सापडेल. त्यात आपण आपल्या शेतकऱ्याला दिलेले नाव आणि त्यापुढे एक लांबलचक आकडा असलेला फोल्डर आहे; तेच आपले तीन वर्षांचे शेत. तो फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर कॉपी करावा. स्मॅपीदेखील स्वतःहून सेव्हच्या प्रती राखून ठेवते, पण त्या त्याच लॅपटॉपवर राहतात आणि जुन्या प्रती ती काही दिवसांनी काढून टाकते, म्हणून एक प्रत बाहेर असलेली बरी.

आता त्या काळ्या खिडकीविषयी. ती दिसली की काहीतरी बिघडले असे पुष्कळांना वाटते, परंतु ती स्मॅपीचीच खिडकी असून ती दिसणे हे स्मॅपी चालू असल्याचे लक्षण आहे. मूळ खेळाला आपले मॉड ओळखता येत नाहीत. स्मॅपी मध्यस्थासारखी खेळाच्या आधी सुरू होते, 'मॉड्स' फोल्डरातला एकेक मॉड तपासते, चालण्याजोगा असेल तो खेळात सोडते आणि नसेल तो बाजूला ठेवून त्याचे कारण लाल अक्षरांत लिहिते. म्हणजे आपण ज्या ओळींना घाबरून खेळ बंद केलात, त्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले आहे. ती खिडकी लहान करून बाजूला ठेवावी आणि चहाचा कप घेऊन सावकाश वाचावी. इंग्रजी सोपे असते. आधी मॉडचे नाव येते आणि मग 'कारण' या अर्थाच्या शब्दानंतर तो का वगळला ते.

सात मॉड एकदम टाकणाऱ्या नवख्याच्या बाबतीत ही कारणे बहुधा दोनच असतात. पहिले असे की मॉड झिप स्वरूपात उतरतो आणि तो न सोडवता तसाच फोल्डरात टाकला जातो. यात दोष काहीसा विंडोजचा आहे, कारण झिपवर दोनदा क्लिक केले की ती साध्या फोल्डरासारखी उघडते, आतल्या फाइली दिसतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात बांधलेल्या गाठोड्याला भोक पाडून आपण आत डोकावलेले असते. गाठोडे सुटलेले नसते. चित्रावर चेन दिसत असेल तर ती झिपच आहे असे समजावे, तिच्यावर राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' निवडावे आणि बाहेर आलेला फोल्डर 'मॉड्स'मध्ये ठेवावा. त्या फोल्डरात 'मॅनिफेस्ट' नावाची एक छोटी फाइल असलीच पाहिजे. मॉडचे नाव, व्हर्जन आणि त्याला आणखी काय लागते हे सगळे तिच्यात असते आणि स्मॅपी सर्वांत आधी तीच शोधते.

दुसरे कारण म्हणजे आधार नसणे. नवी पिके, नवे कपडे, घराचे नवे रंग असे बदल करणारे कितीतरी मॉड एकट्याने चालत नाहीत. त्यांना 'कंटेंट पॅचर' नावाचा आणखी एक मॉड लागतो, जो स्वतः खेळात काहीच दाखवत नाही पण बाकीच्यांना उभे राहायला जमीन देतो. तो नसेल तर स्मॅपी स्पष्ट लिहिते की अमुक मॉड वगळला, कारण त्याला लागणारा कंटेंट पॅचर बसवलेला नाही. एवढा एक मॉड बसवला की पाच-सहा लाल ओळी एकदम नाहीशा होतात, असा अनुभव आपल्याला येण्याचा बराच संभव आहे. प्रत्येक मॉडच्या पानावर 'रिक्वायरमेंट्स' असा भाग असतो. उतरवण्याचे बटण दाबण्याआधी तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. व्हिडिओ करणारी मंडळी नेमका हाच भाग दोन वाक्यांत उरकतात.

यापुढचा माझा सल्ला थोडा कंटाळवाणा आहे. सातही मॉड 'मॉड्स' फोल्डरातून उचलून डेस्कटॉपवर ठेवावेत. स्मॅपीबरोबर आलेले तिथेच राहू द्यावेत. मग कंटेंट पॅचर, आणि त्यानंतर दर वेळी एकच मॉड घालून खेळ सुरू करावा. हा खेळ शेतकरी झोपला आणि दिवस उलटला म्हणजेच सेव्ह होतो, तेव्हा प्रत्येक मॉडबरोबर निदान एक दिवस पार पाडून, दुसऱ्या सकाळी सगळे जागेवर आहे ना ते पाहावे.

हे पदरमोड करून शिकलेले शहाणपण आहे. काही वर्षांपूर्वी 2011 सालच्या 'स्कायरिम' या खेळात मी एका शनिवारी संध्याकाळी चाळीसेक मॉड भरले आणि खेळ सुरू होतानाच बंद पडू लागला. स्मॅपीसारखी कारणे सांगणारी खिडकी तिथे समोर नव्हती, म्हणून निम्मे मॉड काढायचे, पाहायचे, दोष ज्या निम्म्यात असेल त्याचे पुन्हा निम्मे करायचे, असे करत गेलो. चाळीसांतून एक शोधायला या पद्धतीने सहाच फेऱ्या लागतात, पण प्रत्येक फेरीला खेळ पूर्ण सुरू व्हायची वाट पाहावी लागत असल्याने रविवारची दुपार गेली. दोषी मॉड निघाला तो कोंबड्यांची पिसे अधिक खरी दाखवणारा.

मॉड कोणते घ्यावेत हे आपण विचारलेले नाही, पण शेताचे तिसरे वर्ष चालू आहे म्हणून सांगतो. केवळ माहिती देणारे किंवा रूप बदलणारे मॉड आधी घ्यावेत. 'लुकअप एनिथिंग' हा त्यांतला चांगला. एखाद्या पिकावर किंवा गावकऱ्यावर माउस नेऊन एफ-वन दाबले की त्याची सगळी कुंडली समोर येते. असे मॉड आवडले नाहीत तर काढून टाकता येतात आणि मागे काही उरत नाही. याउलट नवी गावे, नवी माणसे आणि नव्या वस्तू आणणारे मोठे मॉड काढायला गेले की त्या वस्तूंच्या जागी खेळ नुसती 'चूक' अशी खूण दाखवतो आणि नव्या जागेत ठेवलेला माल त्या जागेबरोबर जातो. त्यांच्यासाठी वेगळे शेत सुरू करावे. एखादा मॉड तात्पुरता थांबवायचा असेल तर पुसण्याची गरज नाही. त्याच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिले की स्मॅपी त्याच्याकडे दुर्लक्ष करते.

आणखी एक गोष्ट. 19 मार्च 2024 रोजी या खेळाचे 1.6 हे मोठे व्हर्जन आले, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत नीट चालणारे कितीतरी मॉड थांबले आणि त्यांच्या कर्त्यांनी सुधारित आवृत्त्या काढीपर्यंत लोकांना वाट पाहावी लागली. तेव्हा मॉड कितीही लोकप्रिय असला तरी तो शेवटचा केव्हा सुधारला गेला ती तारीख पाहावी. फार जुन्या काही मॉडांत तर खेळाच्या मूळ फाइलींवरच नवी फाइल चढवायला सांगितलेले असते. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : मी नेरुळला राहतो आणि नववीत आहे. माइनक्राफ्टसाठी एक मॉड उतरवला, झिपसारखा सोडवून 'मॉड्स' फोल्डरमध्ये ठेवला, पण काहीच होत नाही. मित्राकडे तोच मॉड चालतो. त्याने फोर्ज टाकले आहे, मी फॅब्रिक टाकले आहे. दोन्ही टाकू का? — एक विद्यार्थी, नवी मुंबई

उत्तर : तुझ्या पत्रात दोन चुका दिसतात आणि तिसरी तू करायच्या बेतात आहेस. माइनक्राफ्टचा मॉड 'जार' या प्रकारची एकच फाइल असतो आणि ती सोडवायची नसते. जशी उतरली तशीच 'मॉड्स'मध्ये ठेवायची. वरच्या उत्तरात ठाण्याच्या बाईंना मी नेमके उलटे सांगितले आहे, म्हणून गोंधळू नकोस. खेळ बदलला की रीत बदलते.

फोर्ज आणि फॅब्रिक हे दोन्ही स्मॅपीसारखेच मॉड खेळात सोडणारे प्रोग्राम आहेत, पण त्या एका म्यानात न मावणाऱ्या दोन तलवारी आहेत. फोर्जसाठी लिहिलेला मॉड साधारणपणे फॅब्रिकवर चालत नाही. त्या मॉडच्या पानावर फॅब्रिकची वेगळी फाइल आहे का ते पाहा, नसेल तर लाँचरमध्ये, म्हणजे जिथून खेळ सुरू करतोस त्या खिडकीत, फोर्जचे वेगळे प्रोफाइल कर. फॅब्रिकचीच फाइल मिळाली तर तिच्याबरोबर बहुतेक वेळा 'फॅब्रिक एपीआय' हाही मॉड लागतो. खेळाच्या व्हर्जनचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळव, कारण 1.20.1 साठी केलेला मॉड 1.20.4 वर चालेलच असे नाही.

हे सगळे माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीपुरते आहे; बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत हे मॉड चालत नाहीत. जून 2022 पासून विंडोजवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकत्र विकल्या जातात आणि लाँचरमध्ये शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे घाईत बेडरॉक उघडून 'मॉड दिसत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. खेळायला बसशील तेव्हा कोणते प्रोफाइल निवडले आहे ते आधी पाहा. आणि आपल्या जगाची प्रत काढायला विसरू नकोस. ते जग 'मॉड्स'शेजारच्याच 'सेव्ह्ज' फोल्डरात आहे.

प्रश्न : माझा मुलगा एका ऑनलाइन नेमबाजीच्या खेळासाठी मॉड टाकतो आहे. तो चालण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले होते आणि त्याने तो केला. मॉड टाकणे हा गुन्हा आहे का, आणि त्यात धोका किती? — एक पालक, ऐरोली

उत्तर : मॉड टाकणे यात मुळात गैर काही नाही. जगभर खेळला जाणारा 'काउंटर-स्ट्राइक' हा 1999 साली 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या खेळाचा मॉड म्हणूनच जन्मला आणि पुढच्याच वर्षी वाल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला. परंतु आपण वर्णन केलेला प्रकार मॉडचा वाटत नाही. समोर इतर माणसे खेळत असताना नेम आपोआप लावणारे किंवा भिंतीपलीकडचे दाखवणारे साधन ही लबाडी असते, अशा खेळांत ती ओळखणारी यंत्रणा असते आणि सापडल्यास खाते कायमचे बंद होते. त्यावर खर्च केलेले पैसेही परत मिळत नाहीत.

याहून गंभीर आहे ते अँटिव्हायरस बंद करणे. जी फाइल आत येण्यासाठी पहारेकऱ्याला झोपायला सांगते, तिला घरात घेऊ नये, मग मित्राने दिलेली का असेना. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडांसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्सफोर्ज या संकेतस्थळावरच्या काही मॉडांत घातक प्रोग्राम घुसवलेला आढळला होता, आणि तो ब्राउझरमध्ये जपलेली लॉगिनची माहिती चोरत असे. नावाजलेल्या जागी असे घडू शकते, तर कोणत्यातरी व्हिडिओखालच्या लिंकबद्दल काय बोलावे!

मुलावर रागावण्यापूर्वी त्याच्याकडून ती फाइल कुठून आली हे शांतपणे जाणून घ्यावे. संगणकाचे इंटरनेट तोडावे, अँटिव्हायरस पुन्हा चालू करून संपूर्ण तपासणी लावावी आणि ती फाइल काढून टाकावी. त्या संगणकावरून बँकेचे किंवा ईमेलचे काम होत असेल तर पासवर्ड आजच बदलावेत, पण ते त्या संगणकावरून नव्हे, आपल्या फोनवरून बदलावेत, आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय दाबावा, कारण चोरलेले लॉगिन नुसता पासवर्ड बदलल्याने दर वेळी निकामी होत नाही.