पणजोबांच्या फोटोत खांद्यावर एक स्टार आहे, कागदावर ‘जमादार’ लिहिलंय. ते लेफ्टनंट होते का?

लेफ्टनंट नव्हते. तुम्ही लिहिलंय की फोटो 1944 चा, पलटण मराठा, आणि घरात कुणी त्यांना लेफ्टनंट म्हणतं तर कुणी पोलिसातले जमादार समजतं. दोन्ही चूक. आजच्या हिशेबाने तुमचे पणजोबा नायब सुभेदार होते. 1965 मध्ये फौजेतलं ‘जमादार’ हे नाव गेलं आणि पायदळात त्या जागी नायब सुभेदार आलं. त्याआधीच्या कागदांवर जमादारच सापडणार.

मी साताऱ्याचा. आमच्याकडचं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. या भागात असे फोटो घरोघरी भिंतीवर आहेत, पण त्यातला हुद्दा वाचता येणारी माणसं संपत चालली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोळ होतो तो स्टारमुळे. सेकंड लेफ्टनंटला एक स्टार, जमादारालाही एक. लेफ्टनंटला दोन, सुभेदारालाही दोन. फरक असायचा तो कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, कुणाचं यात. लेफ्टनंटला राजाचं कमिशन, तर जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर या तिघांना व्हाइसरॉयचं. हे लोक शिपाई म्हणून भरती होऊन लान्स नायक, नायक, हवालदार असे एकेक फीत चढत वर आलेले असत. तीसेक जवानांची प्लाटून जमादाराच्या हाताखाली असायची. जवान त्यांना ‘साहेब’ म्हणत. गावाकडची भांडणं, रजा, घरची पत्रं, सगळं त्यांच्यापर्यंत यायचं. आणि तरीही काल विलायतेहून आलेला विशीतला गोरा सेकंड लेफ्टनंट त्यांच्या वरचा! केवढा हा अन्याय. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर साताऱ्यात राहिले ते ‘सुभेदार’ म्हणूनच. त्यांच्या काळात हिंदी शिपायाची धाव तेवढ्यापुरतीच होती. डेहराडूनची लष्करी अकादमी निघाली 1932 मध्ये, तोवर राजाचं कमिशन मिळालेले हिंदी अधिकारी मोजकेच होते.

आता फोटो भिंगाखाली धरा. स्टारला पाच टोकं दिसतात की तो चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा दिसतो? इंग्रजी अमदानीतला स्टार तसा चौकोनी, आत बारीक किरणं आणि मधोमध तीन छोटे मुकुट. पाच टोकांचा स्टार प्रजासत्ताक झाल्यानंतरचा. तसा दिसला तर फोटो 1944 चा नाही, नंतरचा आहे. मग खांद्याच्या पट्टीवर, स्टारजवळ, आडवी फीत आहे का पाहा. ती लाल-पिवळी-लाल असते. कृष्णधवल फोटोत दोन गडद पट्ट्यांच्या मध्ये फिकी रेघ. ही फीत म्हणजे व्हाइसरॉयच्या कमिशनची खूण, आजही नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार-मेजरांच्या खांद्यावर तीच आहे. बाहीवर तीन फिती दिसल्या तर मात्र फोटो ते हवालदार असतानाचा समजा.

निवृत्तीनंतरचा दुसरा फोटो असेल आणि त्यात जास्त स्टार असतील तर गोंधळू नका. चांगली सर्व्हिस केलेल्यांना ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन करायची पद्धत तेव्हाही होती. कदाचित घरातलं ‘लेफ्टनंट’ तिथूनच आलं असेल.

घोडदळाचे हुद्दे वेगळे: हवालदाराच्या जागी दफादार, सुभेदाराच्या जागी रिसालदार. जमादार दोन्हीकडे.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करा. पलटण नक्की सरकारी होती की संस्थानची? तेव्हा देशात एकच फौज नव्हती. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद यांच्या आपापल्या फौजा होत्या, आणि तिथलं कमिशन महाराज किंवा निजाम देत. त्यामुळे सरकारी फौजेत सुभेदार-मेजरच्या वर जाणं मुश्किल असतानाही संस्थानात हिंदी माणूस कॅप्टन, कर्नल झालेला दिसतो. स्वातंत्र्यानंतर या फौजा भारतीय सेनेत विलीन झाल्या. कोल्हापूरची राजाराम रायफल्स मराठा रेजिमेंटमध्ये गेली. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानी अधिकाऱ्यांची छाननी झाली आणि सगळ्यांचे हुद्दे जसेच्या तसे राहिले नाहीत. म्हणून कागदावर ‘मराठा’ आहे एवढ्यावर थांबू नका, तारीख आणि पलटणीचं पूर्ण नाव वाचा.

घरात मेडल असतील तर त्यांची कड उजेडात तिरकी धरून पाहा. बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. नंबर मिळाला की डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स जोडून बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. अर्ज लिहायला अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि जमलं तर फोटोचा खांद्याजवळचा भाग मोठा करून इथे टाका, मी बघून सांगतो.