दारू आणि विसर : वाचकांचे प्रश्न

दारू आणि स्मरणशक्तीबद्दल दर महिन्याला जवळपास तेच प्रश्न येतात. त्यांतले काही इथे घेतो आहे.

प्रश्न : पार्टीत मी सगळ्यांशी नीट बोलत होतो, स्वतःच्या पायांनी घरी आलो, असं मित्र सांगतात. मला जेवणानंतरचं काहीच आठवत नाही. बेशुद्ध नव्हतो, मग असं कसं?

उत्तर : शुद्ध होती, पण नोंद होत नव्हती. नव्या आठवणी पक्क्या करण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. रक्तातलं दारूचं प्रमाण झपाट्याने वाढलं की त्याचं काम ठप्प होतं. आत्ताचं वाक्य मिनिटभर ध्यानात राहतं, म्हणून गप्पा चालू राहतात. ते साठवलं मात्र जात नाही. उपाशीपोटी आणि भराभर पिणाऱ्यांना हे जास्त होतं. एकदाच झालं असलं तरी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : ती रात्र संमोहनाने परत आठवेल का?

उत्तर : सलग काही तास कोरे असतील, तर नाही. जे साठवलंच गेलं नाही ते काढणार कुठून? मधले तुकडेच गेले असतील, तर कुणी खूण सांगितल्यावर थोडंफार आठवतं. पण मित्रांकडून ऐकलेलंच पुढे स्वतःची आठवण वाटू लागतं, म्हणून त्यावर फार विसंबू नका. आठवण परत आणून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

प्रश्न : झोपेची गोळी चालू आहे. कधीतरी दोन पेग चालतील?

उत्तर : नाही. विसर पडतोच, शिवाय श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. गोळी मनाने बंदही करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : अभ्यासानंतर बिअर घेतली की गाढ झोप लागते आणि वाचलेलं पक्कं बसतं, असं सीनियर सांगतात.

उत्तर : चूक. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. आठवणी पक्क्या होण्यासाठी लागते ती सलग, चांगली झोप.

प्रश्न : वडील बरीच वर्षं रोज पितात. दोन-तीन आठवडे जेवण नाहीच. आता न पिताही झोकांड्या जातात, एकाचे दोन दिसतात, बोलणं असंबद्ध आहे. नातेवाईक म्हणतात, घरात ठेवून दारू बंद करा, नशा उतरली की ठीक होतील. औषधाच्या दुकानातून स्मरणशक्तीचं टॉनिक आणलं आहे.

उत्तर : त्यांना आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या. बाकीचं नंतर वाचा.

ही नशा नसावी. मेंदूला साखर वापरण्यासाठी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी १, लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो, आणि दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. त्यात जेवण तुटलं की डोळ्यांच्या हालचाली, चालण्याचा तोल आणि भान बिघडतं. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी हे १८८१ मध्ये नोंदवलं. तिन्ही लक्षणं एकदम दिसणारे रुग्ण थोडेच, म्हणून एक दिसलं तरी थांबू नये.

उपचार साधा आहे : थायमिनची इंजेक्शनं, वेळेवर. या अवस्थेत तोंडाने घेतलेलं पुरेसं शोषलं जात नाही, त्यामुळे टॉनिकने फक्त वेळ जातो. अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइनही लावून घेऊ नका. थायमिनशिवाय ग्लुकोज दिल्याने त्रास वाढू शकतो. रोजची दारू आणि तुटलेलं जेवण, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना न लपवता सांगा. लाजेखातर लपवल्याने निदान चुकतं.

उशीर झाला तर काय होतं, ते रशियन डॉक्टर कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून लिहून ठेवलं आहे. जुनं बरंचसं शाबूत राहतं, नवं टिकत नाही. महिनाभर वॉर्डात असलेल्या अशा रुग्णाला विचारा, सकाळपासून काय केलंत? तो शांतपणे सांगेल, ‘कामावर जाऊन आलो, आता जेवायला बसतोय.’ तो खोटं बोलत नसतो. रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो आणि त्याला ते खरंच वाटतं. या टप्प्यावरून पूर्ण बरे होणारे फार थोडे, आणि यातलं बरंचसं वेळीच दिलेल्या इंजेक्शनांनी टळू शकतं.

आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम आणि थरकाप. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रश्न : सोडून सहा महिने झाले. स्मरणशक्ती सुधारेल?

उत्तर : पुष्कळांची सुधारते, पुढेही काही महिने सुधारत राहते. तरी विसर तसाच असेल, तर सगळं दारूवर ढकलू नका. थायरॉइड, बी १२, नैराश्य, पडून डोक्याला लागलेला मार, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि रोज सोबत राहणारं घरचं माणूस बरोबर न्या.