‘गेट’ शिकताना आधी एवढंच

लातूरला इंग्रजीचा क्लास लावलास, बरं केलंस. पण डिक्शनरीतले ‘गेट’ (get) या क्रियापदाचे सगळे अर्थ घोकत बसू नको, डोक्याचा भुगा होईल. सध्या तीनच धर: मिळणं, होणं, पोचणं. ‘आय गॉट अ लेटर’, पत्र मिळालं. ‘इट्स गेटिंग हॉट’ तर आपल्याकडं मार्चपासून रोजच म्हणता येतं.

नवीन पोरं हमखास इथं चुकतात:
- ‘आय डिडन्ट गॉट’ म्हणतात. ‘डिड’मध्ये भूतकाळ आला की! पुढं ‘गेट’च.
- ‘गेट टू नांदेड’ बरोबर, पण ‘गेट होम’. ‘होम’ला ‘टू’ लागत नाही.

‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’ वगैरे दिवाळीनंतर बघू. (‘गेट आउट’ तेवढं सगळ्यांना येतंच.) अमेरिकन मालिकेत ‘गॉटन’ ऐकलंस तर गोंधळू नको, ते तिकडचं रूप. रोज दोन-तीन वाक्यं मोठ्यानं म्हण. घरचे हसले तर हसू दे.