स्पॅनिशमध्ये पाळीव जनावरांच्या मादीला काय म्हणतात?

नराच्या शब्दाच्या शेवटच्या 'ओ'ऐवजी 'आ' लावला की स्पॅनिशमध्ये मादीचा शब्द तयार होतो का, असे आपण विचारले आहे. काही जनावरांच्या बाबतीत होतो, पण गोठ्यातल्या मुख्य जनावरांच्या बाबतीत होत नाही.

मी नवशिक्यांना स्पॅनिश शिकवतो. घोडा म्हणजे 'काबायो', म्हणून घोडी 'काबाया' असेल, असे समजून एका विद्यार्थिनीने वाक्य लिहिले होते. 'काबाया' हा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, पण ते आपल्या बांगड्याच्या जातकुळीतल्या एका माशाचे नाव आहे. त्यामुळे शेतकऱ्याने माशावर खोगीर चढवले, असा त्या वाक्याचा अर्थ झाला. घोडीला 'येग्वा' म्हणतात. हा शब्द घोडी याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून संस्कृतातली 'अश्वा' त्याच घराण्यातली आहे.

मराठी माणसाला हे अवघड वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण म्हैस आणि रेडा, गाय आणि बैल, शेळी आणि बोकड या जोड्या आपण वेगवेगळ्या शब्दांनीच बोलतो. तसेच तिकडे गाय 'बाका' आणि वळू 'तोरो', तर नांगराचा बैल 'ब्वेई'. मेंढी 'ओबेखा' आणि मेंढा 'कार्नेरो'. शेळी 'काब्रा' आणि बोकड 'माचो काब्रीओ', म्हणजे येथे नराचेच नाव मादीच्या नावावरून घडले आहे. मेंढ्या चरायला नेल्या असे आपण म्हणतो तेव्हा कळपात मेंढेही असतात. स्पॅनिशमध्येही कळपासाठी 'ओबेखास' हे स्त्रीलिंगी अनेकवचनच वापरतात.

'आ' लावण्याचा नियम चालतो तो गाढवीण 'बुर्रा', सशाची मादी 'कोनेखा' आणि डुकरीण 'सेर्दा' यांना. स्पेनच्या बहुतेक भागांत मात्र 'थेर्दा' असा उच्चार ऐकू येतो आणि अर्जेंटिना-चिलीत 'चांचा' हा शब्द अधिक चालतो. बदकाची मादी 'पाता' होते, पण जनावराच्या पायालाही 'पाता'च म्हणतात, तेव्हा संदर्भ स्पष्ट ठेवावा. वासरू मराठीत नपुंसकलिंगी आहे, स्पॅनिश नामांना ते लिंग नाही, म्हणून गोऱ्हा 'तेर्नेरो' आणि वासरी 'तेर्नेरा' असा भेद करावाच लागतो. न व्यालेली कालवड 'नोबिया'. स्पेनमधल्या खानावळीच्या यादीत 'तेर्नेरा' दिसले तर ते कोवळ्या जनावराचे मांस असते, मग ते नराचे असो वा मादीचे.

वाक्यात वापरताना विशेषण स्त्रीलिंगी ठेवावे: दुभती गाय 'बाका लेचेरा', अंडी देणारी कोंबडी 'गायीना पोनेदोरा'. या 'गायीना'त आपल्याला गाय ऐकू येते, पण अर्थ कोंबडी असाच आहे. भित्र्या पुरुषाला मात्र 'उन गायीना' म्हणतात, म्हणजे नाम स्त्रीलिंगी आणि उपपद पुल्लिंगी.

एका भेदाकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. आपण गाय गाभण आहे म्हणतो, बाईला गरोदर म्हणतो. तसेच गायीला 'प्रेन्यादा' आणि बाईला 'एंबारासादा' म्हणावे. पहिला शब्द बाईसाठी वापरला तर तो मराठीत 'गाभण' खटकेल तितकाच तिथे खटकतो.