‘नाताल’, ‘गरेजा’ आणि इंडोनेशियातले ‘क्रिस्तेन’

प्रश्न असा आला आहे: इंडोनेशियातल्या ओळखीच्यांकडून डिसेंबरात ‘सलामत नाताल’ असा संदेश येतो. चर्चला तिथे ‘गरेजा’ म्हणतात असंही कळलं. नाताळ आणि इगर्जी हे आपले शब्द तिकडे गेले का? आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: गेले नाहीत. दोन्हीकडे ते एकाच घरून आले. पोर्तुगीजात नाताल म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण आणि ‘इग्रेज्या’ म्हणजे चर्च. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलय द्वीपकल्पावरचं मलाक्का बंदर, आणि पुढच्याच वर्षी ते लवंग-जायफळाच्या मालुकू बेटांवर पोचले. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर 1546 मध्ये मालुकूतल्याच आंबोन बेटावर होते. 1558 पासून मलाक्क्याचा बिशप गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली होता. एवढी ये-जा असताना एखादा शब्द कोकणी खलाशाच्या तोंडून गेला नसेल कशावरून, असं कुणी विचारेल. मलय भाषेत (इंडोनेशियन हे तिचंच एक रूप) ‘ळ’ नाहीच, त्यामुळे नाताळच्या ‘ळ’वरून काही ठरत नाही. पण तिथे खिडकीला जेंडेला (कोकणीतलं जनेल आठवा), बुटाला सपातू, लोण्याला मेंतेगा म्हणतात. इतके घरगुती शब्द थेट पोर्तुगीजातून आले असताना चर्चचे तेवढे वळसा घालून आले असं मानायला कारण नाही. रविवारचा ‘मिंगू’ही ‘दोमिंगु’चं शेपूट आहे.

गंमत पुढे आहे. 1605 मध्ये डचांनी आंबोन घेतलं आणि तिथल्या कॅथलिकांना प्रॉटेस्टंट केलं. पंथ बदलला, शब्द मात्र पोर्तुगीजच राहिला. प्रॉटेस्टंटही गरेजातच जाऊ लागले. फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकाचं लारांतुका मात्र कॅथलिक राहिलं. पोर्तुगालने 1859 च्या तहात ते डचांना दिलं, तरी गुड फ्रायडेच्या आठवड्याला तिथले लोक आजही ‘सेमाना सांता’ म्हणतात.

पण या शब्दांवरून तिथली ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांमुळे वाढली असं समजू नये. खरी वाढ 19व्या आणि 20व्या शतकातली. सुमात्रातल्या बाताक लोकांत जर्मन मिशनरी नोमेन्सेन 1862 मध्ये आले आणि 1918 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. बाताकांनी आपली कुळनावं आणि बरेचसे रीतिरिवाज चर्चमध्ये सोबत नेले. देशातलं सर्वांत मोठं प्रॉटेस्टंट चर्च त्यांचंच आहे. जाकार्तातल्या भव्य इस्तिकलाल मशिदीचे वास्तुरचनाकार सिलाबान हे बाताक ख्रिस्तीच. जावात 1904 मध्ये सेंदांगसोनोच्या झऱ्यावर फादर व्हान लिथ यांनी 171 जणांना बाप्तिस्मा दिला. मोठी लाट आली ती 1965-66 च्या कम्युनिस्टविरोधी कत्तलीनंतर. नव्या राजवटीत ‘धर्म नाही’ म्हणणं म्हणजे कम्युनिस्ट असल्याचा संशय ओढवून घेणं होतं. नावापुरते मुसलमान असलेले किंवा जुन्या लोकधर्मातले लाखो लोक तेव्हा चर्चमध्ये आले. त्यात भीती किती आणि श्रद्धा किती, याचा हिशेब बाहेरच्याने करू नये असं मला वाटतं.

या वाढीची भाषा पोर्तुगीज नव्हती. प्रॉटेस्टंट धर्मगुरूला तिथे ‘पंडेता’ म्हणतात, म्हणजे आपला पंडित. स्वर्ग ‘सुर्गा’, नरक ‘नराका’, पाप ‘दोसा’ (दोष), उपास ‘पुआसा’. रमजानचाही पुआसा आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचाही पुआसाच. अरबीचा वाटाही मोठा. बायबल ‘अलकिताब’, पवित्र आत्मा ‘रोह कुदुस’ आणि देव ‘अल्लाह’. मत्तयच्या शुभवर्तमानाचं मलय भाषांतर 1629 मध्ये छापलं गेलं, त्यातही अल्लाहच आहे. शेजारच्या मलेशियात ख्रिस्ती प्रकाशनांतल्या याच शब्दावर 1986 मध्ये सरकारी बंदी आली आणि पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. इंडोनेशियात फरक फक्त उच्चाराचा: मुसलमान ‘अ’ला ‘ऑ’कडे झुकवून ‘ल’ जाड म्हणतात, ख्रिस्ती साधं ‘आलाह’ म्हणतात.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. ‘क्रिस्तेन’ म्हणजे सगळे ख्रिस्ती नव्हेत. सरकारी व्यवहारात क्रिस्तेन म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक हा स्वतंत्र धर्म, ‘कातोलिक’. सरकारमान्य सहा धर्मांत दोघांना वेगळे रकाने आहेत, ओळखपत्रावरच्या ‘आगामा’च्या, म्हणजे धर्माच्या (आपला आगम!), नोंदीतही. 2010 च्या जनगणनेत क्रिस्तेन सुमारे 1 कोटी 65 लाख होते आणि कातोलिक सुमारे 69 लाख. पहिला आकडा उचलून ‘इंडोनेशियातले ख्रिस्ती’ असं भाषांतर केलं की 69 लाख माणसं गायब. बेरीज केली तर लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या जरा आत येते.

‘सलामत नाताल’ मुसलमानाने म्हणावं का, यावर तिथे दर डिसेंबरात वाद झडतो. त्यात 1981 च्या उलेमा परिषदेच्या फतव्याचा दाखला हटकून निघतो. तो फतवा मुळात नाताळच्या एकत्र सोहळ्यात भाग घेण्याविरुद्ध होता. तो मागे घ्यावा असा सरकारचा दबाव आला तेव्हा परिषदेचे अध्यक्ष हामका यांनी पद सोडलं. शब्दांइतकं सगळं मिसळलेलं नाही, हेही खरं. 2006 च्या नियमानुसार नवं प्रार्थनास्थळ बांधायला 90 सभासदांची नावं आणि आसपासच्या 60 जणांचा पाठिंबा लागतो. जाकार्ताजवळच्या बोगोरमधल्या यास्मिन वसाहतीतल्या, पालिकेने सील केलेल्या चर्चने 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला, तरी इमारतीचं सील निघालं नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक ताजी भर. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत येशूला पूर्वी ‘ईसा अलमसीह’ म्हणत. ख्रिस्ती लोकांच्या तोंडी ‘येसुस क्रिस्तुस’ असतं. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने यादीतही तेच नाव आलं. म्हणून जुन्या इंडोनेशियन कॅलेंडरात ‘ईसा अलमसीह’ दिसलं तर तो इस्लामी सण समजू नका. तो गुड फ्रायडे किंवा येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस असतो.